हापूस, मासळी आणि मोदक विमानाने परदेशी पाठवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चअखेरीपासून आमचा फोन वाजायला लागतो तो थेट मृगापर्यंत थांबत नाही. देवगड-रत्नागिरीचे बागायतदार, मासळीचे व्यापारी, दादर-ठाण्यात मोदक-पुरणपोळीचा उद्योग चालवणाऱ्या ताई आणि मुलं परदेशात असलेले आईवडील, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, कार्गो संकुलात रात्री काढून जे शिकलो, ते इथे लिहून ठेवतो आहोत.

विमान तर दहा तासांत लंडनला पोचतं. मग माल नासतो कुठे?

जमिनीवर. आमच्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून पहिलीच.

देवगडच्या झाडावरून काढलेला आंबा लंडनच्या दुकानात पोचायला साधारण चार-पाच दिवस लागतात. त्यात विमान हवेत असतं ते जेमतेम दहा तास. उरलेला वेळ आंबा बागेतल्या शेडमध्ये, रात्रीच्या ट्रकमध्ये, वाशीच्या पॅकहाऊसमध्ये, प्रक्रियेच्या रांगेत, सहारच्या गेटवर, एक्स-रे तपासणीपाशी आणि पॅलेट (एका पाटावर एकत्र बांधलेली खोकी) बांधून झाल्यावर उघड्या टार्मॅकवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवर, असतो. पलीकडे उतरल्यावर पुन्हा टार्मॅक, कस्टम, शेवटी टेम्पो.

टार्मॅकवरचा तास सगळ्यात वाईट. मे महिन्यात मुंबईत हवा 34-35 अंश असली तरी तापलेल्या काँक्रीटवर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पॅलेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त उष्मा कोंडतो. मधे दुबई किंवा दोहाला विमान बदलत असेल तर तिथे चाळिशीच्या पुढचा पारा असतो. दोन दिवस 13 अंशांत जपलेलं फळ अशा दीड तासात घामेजतं. पुन्हा थंडीत गेलं की त्या घामाचं पाणी पुठ्ठ्यात मुरतं आणि खोकी बसतात.

म्हणून आम्ही फॉरवर्डरला (विमानात जागा ठरवून माल पाठवून देणाऱ्या मध्यस्थाला) विचारायचे तीन प्रश्न सांगतो. गेटवर आल्यापासून शीतगृहात जाईपर्यंत किती वेळ? पॅलेटवर उष्णतारोधक आवरण घालणार का? मधल्या विमानतळावर माल थंड खोलीत ठेवणार की बाहेर? दर नंतर विचारा. थेट विमान थोडं महाग पडलं तरी आंब्यासाठी आम्ही तेच सुचवतो.

कोणत्या मालाला किती थंडी लागते?

हापूसला साधारण 13 अंश सेल्सिअस. लोकांना वाटतं, जितकं थंड तितकं बरं. हापूसचं तसं नाही. 10 अंशांच्या खाली बराच वेळ राहिला तर साल करडी पडते, डाग येतात आणि पुढे फळ नीट पिकत नाही. पिकलं तरी वास येत नाही, आणि वास नसलेल्या हापूसला कोण विचारणार?

मेथी-कोथिंबीर मात्र शून्याजवळ खूश असते. नाशिकच्या द्राक्षालाही शून्य-एक अंश चालतं, आणि त्याचा टिकाऊपणा इतका चांगला की ते बहुतेक करून जहाजानेच जातं. भेंडीला 7 ते 10 अंश. ताजी मासळी वितळत्या बर्फाच्या तापमानाला, गोठवलेला कुठलाही पदार्थ उणे 18 किंवा त्याखाली.

आता या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येईल : आंबा आणि पालेभाजी एकाच पॅलेटवर चढवली तर दोघांपैकी एकाला त्रास होणारच. त्यात पिकायला लागलेला आंबा इथिलीन वायू सोडतो आणि शेजारची पालेभाजी त्याने पिवळी पडते. जागा वाचवायला मिश्र पॅलेट करणारे बरेच आहेत. आम्ही करत नाही.

आणखी एक. शीतगृह माल थंड ठेवतं, गरम माल झटपट थंड करणं हे त्याचं काम नव्हे. फळ काढल्यावरही श्वास घेत असतं, स्वतःची उष्णता सोडत असतं. ट्रकमधून उतरलेल्या तापलेल्या पेट्या तशाच एकावर एक रचल्या तर मधल्या पेटीतला आंबा बारा तासांनीही गरमच सापडतो. आधी पूर्वशीतकरण, मग रचणी. थर्मामीटरची सुई फळाच्या गाभ्यात घालून बघा. खोलीच्या भिंतीवरचा आकडा खोलीचा असतो, आंब्याचा नव्हे.

प्रत्येक देशाची आंब्यावरची प्रक्रिया वेगळी का?

सगळ्यांची भीती मुख्यतः एकच आहे, फळमाशी. तिची अंडी-अळ्या आपल्या फळाबरोबर त्यांच्या बागांत जाऊ नयेत. उपाय मात्र प्रत्येकाने आपापला निवडला.

अमेरिकेला विकिरण, म्हणजे फळावर गॅमा किरणांचा मारा, लागतं, किमान 400 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतकी मात्रा. 2007 साली अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला पुन्हा उघडली ती याच अटीवर. लासलगावचं ‘कृषक’ केंद्र मूळचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं. पुढे वाशीला कृषी पणन मंडळाचं केंद्र झालं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक हंगामात इथे येऊन बसतो. त्याच्या देखरेखीशिवाय पेटी पुढे जात नाही. 2020 मध्ये साथीमुळे तो येऊ शकला नाही तर निर्यातच थांबली, ती 2022 मध्ये सुरू झाली.

‘विकिरणाने आंब्यात किरणोत्सार येतो का’ असं बायाबापडे काळजीने विचारतात. नाही येत. गॅमा किरण फळातून आरपार जातात, मागे काही उरत नाही. अळीची वाढ आणि प्रजनन खुंटतं, एवढंच.

युरोपीय संघासाठी उष्णजल प्रक्रिया : 48 अंशांच्या पाण्यात 60 मिनिटं. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला होता, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. ऐन हंगामात आलेली ती बंदी बागायतदार अजून विसरलेले नाहीत. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली आणि तेव्हापासून प्रक्रिया व पॅकहाऊसची तपासणी कडक झाली.

जपानला उष्ण बाष्पाची प्रक्रिया लागते. आखाती देशांचे नियम तुलनेने सोपे, म्हणून नवशिक्या बागायतदाराने पहिली खेप दुबईला पाठवावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमची लाकडी पेटी आणि भाताचा पेंढा चालेल का?

नाही. वाईट वाटतं, कारण त्या पेट्यांचा वास म्हणजे आमच्यासाठीसुद्धा उन्हाळ्याची सुट्टी. पण पेंढा हा वनस्पतीचाच भाग, त्यात कीड लपते. लाकडाला आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णतेची प्रक्रिया, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सलग 30 मिनिटं, आणि तसा शिक्का लागतो. म्हणून पुठ्ठ्याचे खोके. अमेरिकेसाठी साधारण साडेतीन किलोचे, आणि हवेच्या भोकांना कीटकरोधक जाळी. प्रक्रिया झाल्यावर माशी पुन्हा आत शिरू नये म्हणून ही जाळी आहे. एका कोपऱ्यात ती सुटलेली दिसली तरी निरीक्षक बोट ठेवतो.

निर्यातीसाठी काढणी कशी करावी?

देठासकट काढा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि त्याचा काळा डाग तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमका ग्राहकासमोर दिसतो. तयार पण हिरवं, साधारण 80 ते 85 टक्के तयार झालेलं फळ लागतं. झाडावर जास्त पिकलेला आंबा प्रक्रियेच्या गरम पाण्यात टिकत नाही. जमिनीच्या उष्णतेने फळात साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) धरतो, तो बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून काढलेलं फळ उन्हात मातीवर पसरू नये, झाडाखाली सावलीत क्रेटमध्ये ठेवावं. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरणं आपल्याकडेही कायद्याने बंद आहे. इथिलीन वायूला परवानगी आहे, कमाल 100 पीपीएमपर्यंत.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिला एक पेटी कुरिअरने पाठवता येईल का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि ‘नाही’ म्हणताना दर वेळी जड जातं. अमेरिकेत भारतीय आंबा जातो तो मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण झालेल्या व्यापारी खेपेतूनच. कुरिअरची पेटी किंवा बॅगेतले चार आंबे तिथल्या विमानतळावर काढून घेतात. लपवले आणि सापडले तर दंडही होतो. तिला सांगा, मे-जूनमध्ये तिथल्या भारतीय दुकानांत किंवा ऑनलाइन आयातदारांकडे नोंदणी कर. महाग पडेल, पण फळ तेच, कदाचित आपल्याच तालुक्यातलं.

दुबई-मस्कतला जाणारे मात्र हौसेने पेट्या नेतात. त्यांनी विमान कंपनीला सामानाचं वजन आणि पेटीचं पॅकिंग आधी विचारावं.

आणि ताजा कढीपत्ता?

अमेरिकेत मुळीच नाही. लिंबूवर्गीय झाडांचा भयंकर रोग पसरवणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावरही वाढते. फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांनी त्या रोगाचा मोठा फटका सोसला आहे. एका डहाळीवर ते एवढे कठोर का, याचं उत्तर त्यात आहे.

कागदपत्रं कोणती लागतात?

आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे ज्याला सगळे आयईसी म्हणतात तो. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. नेमके हेच महिने आंब्याचे, त्यामुळे धावपळीत विसरणारे बरेच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाका. मग अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, नोंदणी (मासळीला एमपेडा, ही समुद्री उत्पादनांची संस्था), अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कस्टमचं शिपिंग बिल, एअरवे बिल. फळभाजीसाठी वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्र, ज्याला बाजारात सगळे ‘फायटो’ म्हणतात. युरोपला मासळी जात असेल तर आरोग्य प्रमाणपत्र आणि मासेमारीचा दाखला. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार 1 मे 2022 पासून लागू आहे; त्याखालची सवलत हवी तर मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अमेरिकेच्या अन्न-औषध विभागाला विमान उतरायच्या किमान 4 तास आधी पूर्वसूचना गेलेली हवी आणि पदार्थ बनवणारं ठिकाण त्यांच्याकडे नोंदवलेलं हवं.

यादी पाठ होते. माल अडतो तो यादीमुळे नाही, कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. इन्व्हॉइसवर 240 खोकी, फायटोवर 242. एका कागदावर निव्वळ वजन, दुसऱ्यावर खोक्यासकट एकूण. आयातदाराच्या नावात एक अक्षर कमी. असा फरक दुरुस्त करायला ताज्या मालात वेळच नसतो. 2025 च्या मे महिन्यात मुंबईहून गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. त्यांच्यावर ठपका होता तो विकिरणाच्या कागदपत्रातल्या त्रुटीचा, किडीचा नव्हे. परत आणायचा खर्च परवडेना, म्हणून निर्यातदारांना तो माल तिथेच नष्ट करावा लागला. त्यानंतर आम्ही गाडी सुटण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांकडून कागद मोठ्याने वाचून घेतो. एक वाचतो, दुसरा ताडतो. वीस मिनिटं जातात.

भाडं वजनावर की आकारावर?

दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्यावर. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि 6000 ने भागा. 60 × 40 × 30 चं खोकं म्हणजे 72000, भागिले 6000, म्हणजे 12 किलो. आत मेथी असेल आणि काट्यावर 5 किलो भरत असेल, तरी भाडं 12 किलोचं. कुरिअरवाले बऱ्याचदा 5000 ने भागतात, तिथे तेच खोकं 14.4 किलोचं होतं.

आंबा वजनदार, त्याला ही अडचण सहसा नसते. फटका बसतो तो पालेभाजीला आणि थर्माकोलच्या जाड पेटीतल्या गोठवलेल्या मालाला. भिंत पातळ करून पैसे वाचवावेत तर थंडी टिकत नाही, हा पेच खरा आहे. भाड्याशिवाय इंधन अधिभार, सुरक्षा तपासणी, टर्मिनलचे आकार वेगळे. दर विचारताना ‘सगळं धरून किती’ असंच विचारा आणि लेखी घ्या.

गोठवलेले उकडीचे मोदक विमानाने पाठवावेत का?

बहुतेक वेळा नको. गोठवलेल्या मालाला घाई नसते. उणे 18 वर तो महिनोन्‌महिने नीट राहतो, म्हणून न्हावा शेवाहून रीफर (शीत) कंटेनरने पाठवणं कितीतरी स्वस्त. गणपतीसाठी अमेरिकेत मोदक हवे असतील तर ते जूनमध्येच जहाजावर चढलेले असावेत. एकट्याचा कंटेनर भरत नसेल तर दोघा-तिघा उत्पादकांनी मिळून भरावा. ठाण्यातल्या काही ताई असं करायचं ठरवत होत्या तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता.

विमान घ्यावं ते नमुने पाठवताना, नवीन गिऱ्हाईक तपासताना किंवा ऐन वेळी साठा संपला तर. आणि मोदक घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलेले नकोत. हळू गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पारी तडकते आणि वाफवताना सारण बाहेर येतं. उणे 35-40 अंशांच्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये झटपट गोठवलेला मोदकच प्रवास सोसतो.

खवा, पनीर, तूप घातलेल्या पदार्थांबाबत आधी त्या देशाचा नियम बघा. युरोपीय संघात प्रवाशाला भारतातून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ बॅगेत नेताच येत नाहीत, आईच्या हातचे पेढे असले तरीही.

ड्राय आईस वापरता येतो का?

येतो, पण तो धोकादायक मालाच्या यादीत आहे : यूएन 1845, वर्ग 9. ड्राय आईस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. तो वितळत नाही, थेट वायू होतो. म्हणून पेटी कधीही हवाबंद करू नये. वायूला वाट नसेल तर पेटी फुटते. खोक्यावर लेबल आणि बर्फाचं निव्वळ वजन लिहावं लागतं, एअरवे बिलावर नोंद लागते आणि कॅप्टनलाही त्याची सूचना जाते, कारण विमानाच्या बंद पोटात, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, वायू साठतो. त्याच पोटात कधी पाळीव प्राणीही असतात. प्रत्येक विमानाची ड्राय आईसची मर्यादा ठरलेली असते, ती भरली की तुमचा माल पुढच्या विमानाला. प्रवासी म्हणून कंपनीच्या परवानगीने जास्तीत जास्त अडीच किलो नेता येतो.

बर्फ मोजताना उड्डाणाचे तास धरू नका. पेटी बंद केल्यापासून पलीकडच्या फ्रीझरमध्ये पडेपर्यंतचे तास धरा आणि वर एक अख्खा दिवस जोडा.

ताजं पापलेट, सुरमई?

जाते, आखातात तर भरपूर. इथे ड्राय आईस नको, तो मासा कडा-कडांनी गोठवून टाकतो. जेल पॅक वापरा, आत जाड प्लॅस्टिकचं अस्तर, तळाला पाणी शोषणारा पॅड. खारं पाणी गळून विमानाच्या धातूवर गेलं तर गंज चढतो, आणि ज्याची पेटी एकदा गळली त्याचा माल विमान कंपनी पुढच्या वेळी हातात घेत नाही. आमच्या डोळ्यांसमोर एका चांगल्या व्यापाऱ्याचं तसं झालं. कारण काय, तर एका कामगाराने पिशवीला गाठ मारली नव्हती.

कोणत्या वारी माल पाठवावा?

पलीकडे सोमवार ते बुधवार उतरेल असा. शुक्रवारी संध्याकाळी उतरलेला माल तपासणीसाठी अडकला तर सोमवारपर्यंत कोणी वाली नसतो. ब्रिटनमध्ये मेच्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, अमेरिकेतही मेचा शेवटचा सोमवार सुट्टीचा. दोन्ही ऐन आंब्याच्या हंगामात. अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस आहे. जुन्या सवयीने रविवार कामाचा धरणारे अजून फसतात.

बुकिंग पक्कं असूनही माल विमानात चढला नाही, असं होतं का?

होतं. आपला बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. प्रवाशांचं सामान जास्त झालं किंवा उन्हामुळे विमानाला वजन कमी करावं लागलं तर आधी कार्गो उतरवतात. एका मे महिन्यात आमची दोन पॅलेट अशी मधल्या विमानतळावर उतरवली गेली आणि तिसऱ्या दिवशी पोचली. डेटा लॉगर (पेटीतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) उघडला तर 13 वरून 31 अंशांपर्यंत चढलेली रेघ. बागायतदार पंधरा वर्षांचा ओळखीचा. त्याला फोन करताना माझा आवाज निघत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक खेपेत किमान दोन लॉगर, एक कडेच्या आणि एक मधल्या खोक्यात. आणि बुकिंग झालं तरी उड्डाणाच्या आदल्या दुपारी, मग कट-ऑफच्या (माल स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आधी, मग चढल्यावर, असे तीन फोन.

माल खराब पोचला तर भरपाई मिळते?

थोडी, आणि सहज नाही. माँट्रिअल करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी किलोमागे 26 एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) असते (28 डिसेंबर 2024 पासूनची मर्यादा). नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत करावी लागते. पण फळ ‘मुळातच नाशवंत’ होतं, असं म्हणत कंपनी हात वर करू शकते. तिथे लॉगरची रेघच तुमची साक्षीदार. शीतसाखळी तुटल्याचं नुकसान धरणारा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो, साध्या पॉलिसीत ते कलम बऱ्याचदा नसतं.

तिकडे पेटी घेणाऱ्याने काय करावं?

सही करायच्या आधी पेटी उघडावी. खोकी ओली, दबलेली असतील तर फोटो काढून पावतीवरच तसं लिहावं. ‘नंतर कळवू’ म्हणून केलेली कोरी सही दावा बुडवते. लॉगर काढून त्याची नोंद त्याच दिवशी आम्हाला पाठवावी.

आणि आंबा लगेच फ्रिजमध्ये टाकू नये. हिरवट असेल तर खोलीत, देठाची बाजू खाली ठेवून, कागदावर सुटा पसरावा. दोन-तीन दिवसांत रंग धरतो आणि वास खोलीभर होतो. मग खुशाल फ्रिजमध्ये ठेवा.